पुष्पपरीक्षणात फोकस स्टॅकिंगचा उपयोग : शंखपुष्पीच्या निमित्ताने

वस्तू समोर असूनही ती प्रत्यक्ष का होत नाही, याची आठ कारणे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात सांगितलेली आहेत. वस्तू फार जवळ असणे म्हणजे अतिसन्निकर्ष, सारख्याच वस्तूंत मिसळून जाणे म्हणजे समानाभिहार आणि फार सूक्ष्म असणे म्हणजे अतिसौक्ष्म्य, ही त्यांपैकी तीन होत. विद्यार्थिदशेत आम्ही ही कारणे पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि बाजूस ठेवली. पुढे औषधी वनस्पतींची छायाचित्रे घेण्याचा नाद लागल्यावर मात्र ही तिन्ही कारणे एकाच फुलात आमच्यापुढे उभी राहिली. ते फूल शंखपुष्पीचे होते. निदान आम्ही तसे समजत होतो.

शंखपुष्पीविषयीचा वाद वाचकांस नवा नाही. चिकित्सास्थानात सांगितलेल्या चार मेध्य रसायनांपैकी हे एक द्रव्य असून, चारांतही तिला विशेषत्वाने मेध्य म्हटलेले आहे. परंतु त्या एका नावाखाली देशात किमान चार वनस्पती वापरल्या जातात. आयुर्वेदिक फार्माकोपियाने कॉन्व्होल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस, म्हणजे सध्याच्या स्वीकृत नावाने कॉन्व्होल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटस, हिचे पंचांग शंखपुष्पी म्हणून ग्राह्य धरले आहे. आपल्याकडे माळरानावर सर्वत्र आढळणारी निळ्या फुलांची विष्णुक्रांता, म्हणजे इव्होल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस, हीसुद्धा त्याच नावाने विकली जाते. केरळात गोकर्णीला, म्हणजे क्लायटोरिया टर्नेटियाला, शंखपुष्प म्हणतात आणि बंगालकडे कॅन्स्कोरा वापरण्याची परंपरा आहे. गोकर्णी वेल असून तिचे फूल मोठे व निराळ्याच घडणीचे. तिच्याबाबत घोटाळा होण्याचे कारण नाही. कॅन्स्कोराचे खोड चौकोनी व पंखयुक्त, पाने समोरासमोर. तीही ओळखता येते. खरी अडचण पहिल्या दोघींची आहे. दोन्ही एकाच कुलातील, दोन्ही जमिनीलगत पसरणाऱ्या, दोन्ही लवयुक्त, दोघींची पाने लहान.

जिवंत वनस्पतीत फुलाचा रंग साहाय्य करतो. विष्णुक्रांतेचे फूल निळे व जवळजवळ सपाट पसरलेले, तर कॉन्व्होल्व्ह्युलसचे पांढरे वा फिकट गुलाबी आणि नरसाळ्यासारखे. पण विष्णुक्रांतेची पांढरी फुलेही क्वचित मिळतात, आणि पोत्यातील वाळलेल्या मालात निळा रंग उरतच नाही. तेथे निर्णायक ठरतो तो फुलाच्या मध्यभागातील स्त्रीकेसर. कॉन्व्होल्व्ह्युलसमध्ये कुक्षिवृंत एक आणि त्याच्या टोकास लांबट अशा दोन कुक्षी. विष्णुक्रांतेत कुक्षिवृंत दोन आणि प्रत्येक पुन्हा दुभंगलेला, म्हणजे धाग्यासारख्या एकूण चार कुक्षी. दोन की चार, एवढाच प्रश्न. फुलाची रुंदी मात्र जेमतेम आठ-दहा मिलिमीटर.

काही वर्षांपूर्वी आम्ही ब्राह्मी घृतासाठी एका घाऊक व्यापाऱ्याकडून शंखपुष्पी मागविली. माल आला, वास व स्पर्श ठीक वाटला, पण खोडावरील दाट रेशमी लव पाहून मनात शंका आली. आदल्या पावसाळ्यात आम्ही जवळच्या टेकडीवर या वनस्पतीची छायाचित्रे घेतली होती व त्यांतील एक मोठे करून चिकित्सालयात 'शंखपुष्पी' अशा नावाने लावलेही होते. ते चित्र आणि मालाची मूठभर वानगी घेऊन आम्ही द्रव्यगुणाच्या आमच्या जुन्या प्राध्यापकांकडे गेलो. सरांनी चित्र हाती घेतले, चष्मा वर सरकवला आणि एवढेच विचारले, "कुक्षी दोन की चार?"

चित्रात पाकळ्यांच्या शिरा मोजता येत होत्या. पाकळीवर बसलेला परागाचा कणही दिसत होता. मध्यभागी मात्र एक पांढुरका धूसर ठिपका होता. सर म्हणाले, "चित्र सुंदर आहे हो, पण याने ओळख पटत नाही. आणि तुम्ही खाली नाव लिहून ठेवले आहे." त्या दिवशी आम्ही ते चित्र भिंतीवरून उतरविले. फुलांचा हंगाम संपलेला होता, त्यामुळे पुन्हा जाऊन पाहण्याचीही सोय नव्हती.

हा दोष कॅमेऱ्याचा नव्हता आणि सर्वस्वी आमच्या हाताचाही नव्हता. भिंग फुलाच्या जितके जवळ न्यावे तितका स्पष्ट दिसणारा भाग पातळ होत जातो. यास छायाचित्रकार डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. आपण त्यास स्पष्टतेची खोली म्हणू. सर्वसाधारण डीएसएलआर कॅमेऱ्यावर, मॅक्रो लेन्सने, वस्तूच्या प्रत्यक्ष आकाराइतकीच प्रतिमा सेन्सरवर पडेल अशा अंतरावरून एफ/८ या छिद्राने चित्र घेतले, तर ही खोली सुमारे ०.६ मिलिमीटर भरते. प्रतिमा वस्तूच्या निम्म्या आकाराची घेतली तर ती सुमारे १.९ मिलिमीटर होते. विष्णुक्रांतेच्या फुलात कुक्षीच्या टोकापासून पाकळीच्या तळापर्यंत चार-पाच मिलिमीटर अंतर सहज असते. म्हणजे पाकळी स्पष्ट ठेवली की कुक्षी गेली आणि कुक्षी धरली की पाकळी गेली. अतिसन्निकर्षाचे याहून नेमके उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

यावर पहिला उपाय सुचतो तो छिद्र अधिक लहान करण्याचा. एफ/१६ केले की स्पष्टतेची खोली दुप्पट होते हे खरे. परंतु इतक्या जवळून चित्र घेताना लेन्स सेन्सरपासून पुढे सरकलेली असते, त्यामुळे एफ/१६ प्रत्यक्षात एफ/३२ प्रमाणे वागते. इतक्या लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो; यास विवर्तन म्हणतात. मग प्रकाशाचा बिंदू सेन्सरवर बिंदू न राहता सुमारे ०.०४ मिलिमीटरची चकती होतो, आणि संपूर्ण फूल सारखेच मऊ, कडा हरवलेले दिसू लागते. सगळे थोडेथोडे दिसते आणि नेमके काहीच दिसत नाही. आम्ही एक संपूर्ण पावसाळा या उपायात घालविला, म्हणून हे जरा आग्रहाने लिहीत आहोत.

दुसरा आणि खरा उपाय म्हणजे छिद्र एफ/८ च्या आसपास ठेवून एकाच फुलाची अनेक चित्रे घ्यावयाची. प्रत्येक चित्रात फोकस किंचित पुढे सरकवावयाचा. आणि मग संगणकावर प्रत्येक चित्रातील स्पष्ट तेवढा भाग उचलून एक चित्र तयार करावयाचे. यास फोकस स्टॅकिंग म्हणतात. उजेड-अंधाराचा मेळ घालण्यासाठी कमी-अधिक प्रकाशाची चित्रे एकत्र करतात, ती पद्धत निराळी. तिच्याशी याची गल्लत करू नये. येथे प्रकाश सर्व चित्रांत एकच असतो, बदलते ते फक्त स्पष्टतेचे प्रतल. ही विद्या नवी नाही. अ‍ॅलन हॅडली यांची 'कंबाइनझेड' ही विनामूल्य संगणकप्रणाली आणि 'हेलिकॉन फोकस' या दोन्ही वीस वर्षांपूर्वीच वापरात होत्या. २००८ साली आलेल्या फोटोशॉप सीएस ४ मध्ये ही सोय अंतर्भूत झाली. सूक्ष्म केस व तंतू असलेल्या वस्तूंसाठी पुढे 'झेरीन स्टॅकर'चा लौकिक झाला. ऑलिंपसने २०१५ मध्ये आणि निकॉनने डी ८५० या प्रतिमानात २०१७ मध्ये फोकस आपोआप सरकवून चित्रमालिका घेण्याची सोय कॅमेऱ्यातच दिली. आता ती बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. नसली तरी अडत नाही. हाताने फोकसचे कडे फिरवूनही काम होते, फक्त वेळ लागतो.

साधनांबद्दल थोडेसे. मॅक्रो लेन्स नसेल तर कॅमेरा व साधी ५० मिलिमीटरची लेन्स यांच्यामध्ये २५ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब बसविली की निम्म्या आकाराची प्रतिमा मिळते. ५० मिलिमीटरची बसविली की पूर्ण आकाराची. जुना कॅमेरा चालतो. तिपाई मात्र भक्कम हवी आणि ती जमिनीलगत वाकणारी हवी, कारण विष्णुक्रांता बोटभर उंचीवर फुलते. आम्ही तिपाईऐवजी वाळूची छोटी पिशवी वापरतो. वैद्याच्या घरी पोटलीचे कापड असतेच.

वेळ सकाळची. ही फुले सकाळी उमलतात व दुपारकडे मिटू लागतात, शिवाय सकाळी वारा कमी असतो. वारा हा या कामातील मोठा शत्रू. दहा-पंधरा चित्रे घेईपर्यंत फूल अर्धा मिलिमीटरही हलता कामा नये. फुलाजवळच काडी रोवून देठ तिला सैल दोऱ्याने टेकवावा आणि वाऱ्याच्या बाजूस छत्री उघडून धरावी. छत्रीमुळे कडक उन्हाची तीव्र सावलीही टळते. प्रकाश, छिद्र, शटरचा वेग, आयएसओ आणि व्हाइट बॅलन्स हे सर्व हाताने ठरवून कायम ठेवावे. कॅमेऱ्याच्या स्वयंचलित मर्जीवर सोडल्यास प्रत्येक चित्र किंचित निराळ्या रंगाचे येते व जोड उघडा पडतो. शटर हाताने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोडावे.

पहिले चित्र सर्वांत पुढील टोकाच्याही किंचित अलीकडे फोकस ठेवून घ्यावे आणि शेवटचे सर्वांत मागील भागाच्या किंचित पलीकडे. मधली पावले स्पष्टतेच्या खोलीपेक्षा लहान हवीत, म्हणजे शेजारची चित्रे एकमेकांवर थोडी चढतील. खोली ०.६ मिलिमीटर असेल तर पाऊल ०.४ ठेवावे, पाच मिलिमीटर खोल फुलास सुमारे तेरा-चौदा चित्रे लागतात. पावले मोठी पडली तर तयार चित्रात स्पष्ट पट्ट्यांच्या मधोमध धूसर पट्टे उमटतात, आणि अशा धूसर पट्ट्यात नेमकी कुक्षी सापडण्याचा अनुभव आम्ही घेतलेला आहे. ज्या कॅमेऱ्यांत ही सोय अंगचीच असते, तेथे पावलाचा आकार १, २, ३ अशा आकड्यांत देतात. त्या आकड्यांचा मिलिमीटरशी थेट संबंध नसतो. त्यासाठी सोपी युक्ती अशी की, शाळकरी मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी ठेवून तिची मालिका घ्यावी. पट्टीवरील प्रत्येक मिलिमीटर म्हणजे खोलीतील ०.७ मिलिमीटर. कोणत्या आकड्यास किती सरकते हे एकदा लिहून ठेवले की पुन्हा पाहावे लागत नाही.

चित्रे जोडताना संगणक प्रथम सर्व चित्रे एकमेकांवर बरोबर बसवितो, कारण फोकस सरकला की प्रतिमेचा आकारही किंचित बदलतो. त्यानंतर प्रत्येक ठिकाणी कोणत्या चित्रात कडा सर्वांत ठळक आहेत हे पाहून तो तेवढा भाग घेतो. याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पाकळीसारख्या गुळगुळीत, सलग पृष्ठभागास खोलीचा नकाशा करणारी रीत चांगली. रंग खरा राहतो. एकावर एक आडवे गेलेले केस, पुंकेसर व कुक्षी यांस पिरॅमिड नावाची रीत बरी. ती आडव्यातिडव्या तंतूंत गोंधळत नाही, मात्र रंगात व खरखरीतपणात थोडी भर घालते. ओळखीसाठी आम्ही पिरॅमिडचे चित्र ठेवतो आणि भिंतीवर लावण्यासाठी दुसरे.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. असे जोडलेले चित्र खोटेही बोलू शकते.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्याच टेकडीवर जाऊन विष्णुक्रांतेच्या फुलाची सोळा चित्रांची मालिका घेतली. घरी येऊन जोडली. चित्र लखलखीत आले, पाकळीपासून देठाच्या लवेपर्यंत सर्व स्पष्ट. आनंदाने कुक्षी मोजल्या, तर त्या सहा! असे फूल या कुलात संभवत नाही. मूळ चित्रे एकेक करून पाहिली तेव्हा उलगडा झाला. आठव्या चित्रानंतर वाऱ्याची हलकी झुळूक आली असावी आणि मध्यभाग किंचित सरकला असावा. संगणकाने दोन कुक्षींच्या आधीच्या व नंतरच्या अशा दोन्ही प्रतिमा स्पष्ट म्हणून स्वीकारल्या आणि दोनांच्या चार केल्या. उरलेल्या दोन जागच्या जागी होत्या. या ठिकाणी उत्तर अशक्य होते म्हणून आम्ही सावध झालो. पण समजा फूल कॉन्व्होल्व्ह्युलसचे असते आणि त्याच्या दोन कुक्षींच्या अशाच चार झाल्या असत्या, तर? आम्ही निःशंकपणे त्याखाली विष्णुक्रांता असे लिहिले असते, आणि पूर्वीच्या धूसर ठिपक्यापेक्षा हे चित्र अधिक घातक ठरले असते. धूसर चित्र निदान आपले अज्ञान लपवीत नाही.

म्हणून आमचा नियम असा की, जोडलेल्या चित्रावरून काहीही मोजले तर तेच मूळ मालिकेतील किमान एका चित्रात दाखविता आले पाहिजे. कुक्षी चार म्हणावयाच्या, तर चारही टोके कोणत्या क्रमांकाच्या चित्रांत दिसतात हे लिहून ठेवावे. मूळ मालिका पुसून टाकू नये. संगणकावर जागा व्यापते ही तक्रार खरी, परंतु मूळ चित्रांवाचून जोडचित्र म्हणजे घटकद्रव्यांची नोंद नसलेले औषध. पुढच्या तंतूभोवती मागे जी फिकट प्रभावळ दिसते तीही जोडकामाचीच. तिला लव किंवा पांढरी कडा समजू नये. लवेची घनता सांगताना ही चूक सर्रास होते.

राहिला पोत्यातील मालाचा प्रश्न. टेकडीवरचे फूल ओळखता आले म्हणून पोते ओळखले जात नाही. समानाभिहार तेथेच घडतो. त्यासाठी आम्ही पुढीलप्रमाणे करतो. वानगीतून वाळलेली, पण पूर्ण असलेली काही फुले निवडावीत. पन्नास ग्रॅम मालात मोजकीच मिळतात, धीर धरावा लागतो. ती कोमट पाण्यात भिजत ठेवावीत. मऊ झाली की काचेवर घेऊन दोन सुयांनी दलपुंज अलगद उघडावा व १० पट भिंगातून पाहावे. कुक्षी दिसल्यावर त्याच काचेवर, खाली काळा कागद ठेवून, चित्रमालिका घ्यावी. काचेवर वारा नसतो आणि फूल चपटे झालेले असल्याने पाच-सहा चित्रेही पुरतात. शेजारी मोजपट्टीचा तुकडा ठेवावा. पाण्याचा थेंब चकाकतो, म्हणून जास्तीचे पाणी टिपकागदाने टिपून घ्यावे.

व्यापाऱ्याकडून आलेल्या मालाची वानगी आम्ही बाटलीत राखून ठेवलेली होती. तिच्यातील सात फुले अशा रीतीने उघडली. सातांतही कुक्षिवृंत दोन आणि कुक्षी चार. माल विष्णुक्रांतेचा होता. व्यापाऱ्यास कळविले तेव्हा उत्तर आले, "डॉक्टरसाहेब, इतकी वर्षे बाजारात हीच शंखपुष्पी म्हणून चालते. आजवर कोणी फूल उघडून पाहिले नाही." यात अप्रामाणिकपणा होता असे आम्हांस वाटत नाही. त्याने जे नाव ऐकले त्या नावाने तो विकत होता. आणि चित्राखाली न पाहता नाव लिहिणारे आम्ही त्याला काय बोलणार? विष्णुक्रांता हेही मेध्य म्हणून वापरले जाणारे चांगले द्रव्य आहे. परंतु घृताच्या बाटलीवर आम्ही ज्या वनस्पतीचे नाव छापतो ती वनस्पती आत असली पाहिजे. तो माल आम्ही घृतात घातला नाही.

औषधनिर्माणशाळा चालविणाऱ्या बंधूंसाठी एक सूचना. २००० साली औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांत आलेल्या परिशिष्ट 'टी'नुसार कच्च्या द्रव्यांच्या ओळखीसाठी संदर्भग्रंथ व संदर्भनमुने ठेवणे अपेक्षित आहे. संदर्भनमुना कालांतराने भुरकट होतो, किडतो, त्याचे फूल चुरगळते. त्याच नमुन्याचे तो ताजा असतानाचे जोडचित्र, मूळ मालिकेसह, नमुन्याचाच क्रमांक देऊन ठेवले तर पुढच्या खेपेस तुलना करणे सोपे जाते. चित्र हा नमुन्याचा पर्याय मात्र नव्हे. खोडाचा आडवा छेद, चूर्णाचे सूक्ष्मदर्शकाखालील परीक्षण व भस्ममान यांची जागा कोणतेही छायाचित्र घेऊ शकत नाही, आणि ज्या मालात फुलेच नाहीत तेथे या पद्धतीचा काहीच उपयोग नाही.

हीच रीत इतर पुष्पद्रव्यांनाही लागू पडते. नागकेशर म्हणून येणाऱ्या मालात मेसुआ फेरियाचे पुंकेसर आहेत की सुरंगीच्या कळ्या, हे नुसत्या डोळ्यांनीही कळते. तेथे एवढा खटाटोप नको. धायटीचे फूल लांब नळीसारखे आणि त्यातून पुंकेसर बाहेर डोकावणारे, त्यामुळे ते बाजूने घेताना पंधरा-वीस चित्रांची मालिका फार उपयोगी पडते. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने त्याची स्पष्टतेची खोली मुळातच अधिक असते; ताज्या धायटीचे चित्र त्यावर ठीक येते, पण कुक्षी मोजण्याच्या कामी आम्हांस तो अजून पुरा पडलेला नाही.

आमच्या संग्रहात सध्या विष्णुक्रांतेच्या निळ्या फुलाच्या अकरा आणि पांढऱ्या फुलाची एक मालिका आहे. कॉन्व्होल्व्ह्युलसच्या तीन आहेत. कॅन्स्कोराच्या फुलाची एकही नाही. त्यातील चार पुंकेसरांपैकी एक मोठा व तीन लहान असतात, ते एकाच चित्रात स्पष्ट दाखविता आले तर अध्यापनास मोठे साहाय्य होईल. ज्या वैद्यमित्रांकडे अशी मालिका असेल त्यांनी ती जोडचित्राच्या रूपात न पाठविता मूळ चित्रांसह, स्थळ व दिनांक लिहून पाठवावी.